फेरविचाराच्या वाटा

लेखांक सहावा

गेल्या लेखांकात आपण असे पाहिले की, विषाद आणि भीती या प्रसंगातून थेट उत्पन्न होत नाहीत. प्रसंग आणि भावना यांच्या मध्ये, आपण त्या प्रसंगाचा लावलेला अर्थ उभा असतो, आणि त्या अर्थाला हात घालता आला तर भावनेचा भर काही अंशी उतरू शकतो. परंतु हात घालावयाचा तो कोणत्या रीतीने, हा प्रश्न आपण तेथे मोकळाच सोडला होता. फेरविचार या एकाच नावाखाली निरनिराळ्या स्वभावाच्या वाटा एकत्र नांदतात, आणि त्यांपैकी एकीवर जे साधते ते दुसरीवर साधेलच असे नाही.

आमच्या अहमदपुरासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहत नाही. बालाघाटाच्या डोंगररांगेतील, लातूर आणि नांदेड या दोन शहरांच्या दरम्यान पडणाऱ्या या गावातून आणि भोवतालच्या खेड्यांतून, दहावीचा निकाल हाती पडला की, कितीतरी मुले-मुली गादी आणि पेटी घेऊन लातूरच्या ट्युशन एरियात खोली शोधू लागतात. दोन वर्षे मेसचा डबा खातात, वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा देतात, आणि ज्यांचे गुण कट-ऑफच्या अलीकडेच थबकतात त्यांच्यापैकी पुष्कळजण तिसऱ्या वर्षी 'रिपीट' करतात. ज्यांची ही वाट नाही ते पदवी घेऊन एखाद्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके मांडून बसतात. वय अठरा ते पंचवीस, म्हणजे ज्या वयात मनुष्य स्वतःविषयीचे निर्णय घाईने करतो आणि ते कायमचे मानतो, नेमके तेच.

समजा, असा एक १९ वर्षांचा मुलगा आहे. दुसऱ्या खेपेसही त्याला ७२०पैकी पुरेसे गुण मिळाले नाहीत, आणि रात्री पंखा फिरत असता तो मनाशी म्हणतो आहे, "बापानं सोयाबीन मोंढ्यावर घालून फीस भरली, अन् म्या काय केलं? आता गावात तोंड कसं दाखवू?" मनाच्या कचेरीत येथे एकतर्फी हुकूमनामा निघालेला आहे, प्रतिवादीची जबानी झालेली नाही, दाखले तपासलेले नाहीत, आणि शिक्षा मात्र जन्मठेपेची आहे. फेरविचार म्हणजे या प्रकरणाची पुन्हा सुनावणी. आणि आपली तुलना आहे ती सुनावणीच्या रीतींची.

यांतली सर्वांत परिचित रीत अर्थांतराची. घडले तेच, पण त्याचा अर्थ निराळा लावावयाचा: गुण कमी पडले याचा अर्थ बुद्धी कमी असा नसून भौतिकशास्त्राचा पाया कच्चा राहिला असा असू शकेल. या विचाराचे कुळ जुने आहे. गुलामगिरीत आयुष्याचा आरंभ झालेला ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याने माणसाला त्रास देतात त्या वस्तू नव्हेत, वस्तूंविषयीची मते, असे शिकविले. आणि १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी आपली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती उभारताना त्याचे ऋण वारंवार मान्य केले. फिलाडेल्फियात आरॉन बेक यांनी पुढील दशकात विषादाच्या रुग्णांचे विचार पुराव्याला लावून तपासण्याची निराळी पद्धती घडविली. महाराष्ट्राला या परंपरेची ओळख करून देण्याचे श्रेय मुंबईच्या कि. मो. फडके यांचे, १९६८पासून त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि ही पद्धती मराठीत रुजविली. एलिस यांचा रोख 'पाहिजे' या इच्छेवर नव्हता, 'पाहिजेच' या हट्टावर होता. त्या मुलाला डॉक्टर व्हावेसे वाटणे यात काही गैर नाही, आणि न झाल्यास खेद वाटणेही रास्तच. परंतु झालोच पाहिजे, न झालो तर मी कवडीमोलाचा, ही पुढची पायरी त्याने स्वतःच चढलेली असते, आणि विषण्णता तेथे सुरू होते.

दुसरी रीत दूरस्थ अवलोकनाची. येथे प्रसंगाच्या अर्थाला धक्का लावावयाचा नाही. आपण जेथे उभे राहून तो पाहतो ती जागा तेवढी बदलावयाची. आपल्या जागी एखादा मित्र असता तर त्याला आपण काय म्हटले असते, किंवा आणखी दहा वर्षांनी हा जून महिना आपल्याला केवढा दिसेल, असा तो विचार. मिशिगन विद्यापीठातील ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, तणावाच्या प्रसंगी मनातल्या मनात 'मी' असे न म्हणता स्वतःच्या नावाने स्वतःशी बोलणाऱ्यांची अस्वस्थता कमी राहिली आणि नंतरचे खंतावणेही घटले. हे वाचताना मराठी माणसाला अभंगाची नाममुद्रा आठवल्याखेरीज राहणार नाही. नरसीचे नामदेव काय किंवा येथून जवळच्या गंगाखेडची जनाबाई काय, आपली व्याकुळता सांगून झाल्यावर अखेरच्या चरणात स्वतःला परक्याप्रमाणे नावाने पुकारतात. आणि जांबेचे रामदास तर मनालाच समोर बसवून त्याच्याशी बोलतात. संतांनी हे मानसोपचार म्हणून केले असे म्हणणे हास्यास्पद होईल. परंतु स्वतःपासून चार पावले मागे सरण्याची सवय आमच्या भाषेला परकी नाही, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

तिसरी रीत प्रसंगाऐवजी प्रतिक्रियेचाच अर्थ बदलण्याची. छातीत धडधडते आहे, तळहाताला घाम सुटला आहे. हे संकटाचे लक्षण न मानता शरीर कामाला सज्ज होत असल्याची वर्दी मानावयाची.

या तिन्हींची रुजवात घालण्याचे काम १९९८नंतर, जेम्स ग्रॉस यांनी भावनांच्या नियमनाचा आराखडा मांडल्यापासून, जोमाने सुरू झाले. २०१२ साली वेब, माइल्स आणि शीरन यांनी तोपर्यंतच्या प्रयोगांतील ३०६ तुलना एकत्र करून जो हिशेब मांडला त्यात दृष्टिकोन बदलण्याच्या रीतीच्या परिणामाचे माप ०.४५, प्रसंगाच्या अर्थांतराचे ०.३६ आणि प्रतिक्रियेच्या अर्थांतराचे ०.२३ असे आले. या मापात ०.२ हा लहान आणि ०.५ हा मध्यम परिणाम मानण्याचा शिरस्ता आहे; म्हणजे चमत्कार कोणत्याच रीतीत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या व्याख्यात्यांपासून सावध राहिलेले बरे. २०१४ साली डेनी आणि ऑक्सनर यांनी स्वयंसेवकांच्या एका गटाकडून अर्थांतराचा आणि दुसऱ्याकडून दूरस्थ अवलोकनाचा वारंवार सराव करून घेतला, तेव्हा दैनंदिन जीवनातील जाणवणारा ताण उतरला तो दुसऱ्या गटाचा. अशा प्रयोगांतील माणसे बहुतांशी पाश्चात्त्य विद्यापीठांच्या परिसरातली असतात, तेव्हा त्यांचे निष्कर्ष आमच्या अभ्यासिकेत जसेच्या तसे लागू करताना थोडा संकोच बाळगावा हे खरे. तरीही या निकालामागील कारण मला पटते. अर्थांतराला दरवेळी नवा माल लागतो. प्रत्येक दुःखाला नवा अर्थ शोधावा लागतो, तो विश्वसनीय असावा लागतो, आणि खचलेले मन हे विरुद्ध पक्षाच्या वकिलाइतके तल्लख असल्यामुळे प्रत्येक नव्या अर्थावर त्याची उलटतपासणी तयार असते. मागे सरून पाहण्याला असा कोणताच पुरावा लागत नाही.

मात्र परीक्षेच्या दालनाबाहेर, हातात प्रवेशपत्र धरून उभे असता, दहा वर्षांनंतरचा विचार फारसा कामाचा नाही. तेथे तिसरी रीत, एकंदर हिशेबात सर्वांत दुबळी ठरलेली, पुढे येते. जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेतील एका प्रवेशपरीक्षेच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांना, परीक्षेपूर्वीची धडधड कामगिरीला साह्यही करू शकते, एवढेच सांगितले. ज्यांना हे सांगितले त्यांची गणितातील कामगिरी इतरांहून सरस ठरली. गतगोष्टीचा विषाद आणि येणाऱ्या गोष्टीची धास्ती यांना एकच औषध देऊ नये, असे माझे मत यावरून झाले आहे.

वेळेचाही विचार हवा. शेपेस आणि सहकाऱ्यांच्या २०११च्या प्रयोगांत, भावनेचा जोर सौम्य असता लोक फेरविचार निवडत, आणि जोर तीव्र असता लक्ष दुसरीकडे वळविणे पसंत करीत. निकालाच्या रात्री त्या मुलापुढे युक्तिवाद मांडणाऱ्या मामा-काकांनी हे ध्यानात घ्यावे. त्या रात्री जेवण, झोप आणि सोबतीला कोणीतरी, एवढे पुरे. फेरविचाराची वेळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. आणि जे होतं ते चांगल्यासाठीच होतं, हे वाक्य दुसऱ्याने ऐकविले की ते अर्थांतर राहत नाही. ज्याचे दुःख आहे त्याला ती आपल्या दुःखाची नामंजुरी वाटते.

आता ज्यासाठी हा लेखांक लिहिला त्या मुद्द्याकडे येतो. अ‍ॅलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली नुकत्याच मोठ्या ताणातून गेलेल्या लोकांची फेरविचाराची क्षमता मोजली, आणि त्यांचा ताण त्यांच्या आटोक्यातला होता की नव्हता हेही पाहिले. जेथे ताण आटोक्याबाहेरचा होता तेथे फेरविचारात निपुण असलेल्यांत विषाद कमी आढळला. परंतु जेथे परिस्थिती बदलता येण्याजोगी होती तेथे त्याच निपुण लोकांत विषाद अधिक आढळला. निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे, पण तर्काला सोडून नाही. जे बदलता येते त्याच्याविषयी मनाची समजूत घालीत बसणारा मनुष्य तेवढा काळ ते बदलत नसतो, आणि काट्याची जागा तशीच ठसठसत राहते.

आमच्याकडचा दाखला द्यावयाचा तर ७०:३० या सूत्राचा देता येईल. राज्यातील वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के सर्व राज्यासाठी, अशी ती व्यवस्था होती. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्यामुळे येथील मुलांना गुण असूनही जागा दुरापास्त होत, अशी तक्रार वर्षानुवर्षे चालत आली. यावर प्रत्येक विद्यार्थ्याने, याकडे आव्हान म्हणून पाहू, असे मनाशी म्हटले असते तर त्याला त्या रात्री झोप लागली असती कदाचित. पण सूत्र जागच्या जागी राहिले असते. निवेदने दिली गेली, आंदोलने झाली, विधिमंडळात आवाज उठला, आणि सप्टेंबर २०२०मध्ये ते सूत्र रद्द झाले. उलट २०२४चे उदाहरण पाहा. 'नीट'च्या ४ जूनच्या निकालात ६७ उमेदवारांना पैकीच्या पैकी गुण दिसले, पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, आणि २३ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. त्या तारखेपर्यंत फिर्याद करणे हा रास्त मार्ग होता. त्या तारखेनंतर, प्रामाणिकपणे पेपर सोडविलेल्या मुलाच्या हाती त्या वर्षापुरते काही उरले नाही, आणि मागे सरून पाहण्याची गरज खरी तेव्हा लागली.

म्हणून माझी शिफारस अशी की, वही घेऊन प्रथम पानाचे दोन भाग करावेत आणि या प्रकरणात माझ्या हातातले काय व हाताबाहेरचे काय, याची नोंद करावी. पहिल्या भागासमोर कृती लिहावी: अर्ज, तारीख, विषय, कोणाला भेटावयाचे. दुसऱ्या भागाविषयी, स्वतःचे नाव घेऊन, तृतीय पुरुषात, एखाद्या समजूतदार थोरल्या भावाने धाकट्याविषयी लिहावे तसे लिहावे. बहीण-भाऊ, मित्र किंवा शिक्षक यांच्यापैकी एकाने ही विभागणी तपासून पाहिली तर उत्तम, कारण खचलेला मनुष्य हातातल्या गोष्टी हाताबाहेरच्या रकान्यात सहज ढकलतो.

आणि जेथे उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली आहे, झोप व अन्न तुटले आहे, किंवा जगणे नकोसे झाल्याचा विचार येतो आहे, तेथे वही बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. पुढील लेखांकात पालकांचा विचार करू. फीस भरून झाल्यावर त्यांच्या मनात जो हुकूमनामा लिहिला जातो, त्याच्या सुनावणीची तजवीज अद्याप कोणी केलेली दिसत नाही.