वरच्या प्लॉटचे पाणी, खालचे रान
(ऊस विकास विभागाकडून)



या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर लिहायचे आम्ही कबूल केले होते. ते पुढच्या अंकात. मध्यंतरी एक प्रकार असा घडला की तो आधी आपल्या कानावर घालणे आम्हाला जरूरीचे वाटले. विषय उसाचा वाटणार नाही, पण आहे उसाचाच.

गेल्या भाद्रपदात एक जुने सभासद आमच्या गट ऑफिसवर आले. चेहरा खुशीत. म्हणाले, "साहेब, रानात चला. असला ऊस आमच्या वडलांच्या वक्तालाबी उठला न्हवता." आडसाली लागण होती, को ८६०३२. आम्ही गेलो. ऊस खरोखरच दांडगा होता, पाने रुंद, रंग काळाभोर. पण ओढ्याच्या अंगाची सात-आठ गुंठे झोपलेली. तेरा महिन्यांचा ऊस एवढा हिरवागार दिसू लागला की आमच्या मनात पाल चुकचुकते. खताचा हिशेब विचारला. मोठ्या भरणीनंतर युरियाचा दाणासुद्धा टाकलेला नाही, असे त्यांनी शपथेवर सांगितले. रिफ्रॅक्टोमीटर लावला तर बुडक्याच्या आणि वाड्याजवळच्या कांड्यांत मोठा फरक. पक्व होणाऱ्या उसात हा फरक कमी होत जातो. इथे ऊस अजून वाढतच होता.

मग नत्र आला कुठून? बांधावरून वर चढलो तेव्हा नाकानेच उत्तर दिले.

वरचे रान त्यांच्या थोरल्या बंधूंचे. तीन वर्षांपूर्वी ते विकले, तिथे अडतीस प्लॉट पडले, त्यांतल्या सव्वीसांवर घरे उभी राहिली. घरे चांगली आहेत, माणसेही चांगली आहेत, बरीचशी आपल्याच सभासदांची मुले नोकरीमुळे तिथे राहायला आलेली. प्रत्येक घरामागे संडासाची टाकी आहे. पण शोषखड्डा एकाही घराला नव्हता. टाकीचा पाइप सरळ गटारात, गटार बांधापर्यंत, आणि बांधाच्या पुढे आमच्या सभासदाची पहिली सरी. वाटेत गटार विहिरीपासून दहा-बारा फुटांवरून जात होते.

विहीर पाहिल्यावर आम्ही ऊस विसरलो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे पाण्याच्या तपासणीच्या छोट्या बाटल्या असतात. पाणी भरून ठेवायचे; पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर एक-दोन दिवसांत ते काळे पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली शाईसारखी काळी होती. घरातल्या वहिनी म्हणाल्या, "आम्ही ह्येच पितोय की, साहेब. देवालाबी ह्येच." त्यांच्या नातवाला आषाढात कावीळ झाली होती. ती या पाण्यानेच झाली असे सांगायला आम्ही डॉक्टर नव्हे. पण इचलकरंजीत २०१२ साली काविळीची केवढी साथ आली, ते या भागात कोणाला सांगायला नको.

आता पाण्याचा हिशेब करू. शहरी मापाने माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते. चाळीस घरे, घरटी पाच माणसे, म्हणजे दररोज सुमारे २१,६०० लिटर. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे साधारण एक लाख लिटर. दर पाच दिवसांनी एकराला इंचभर मैलापाणी, पाळीपत्रक नाही, पाणीपट्टी नाही आणि बंद करायची चावीही नाही! जलजीवन योजनेच्या ५५ लिटरच्या मापाने धरले तरी बाराव्या दिवशी तेवढेच होते. २०१९ पासून घरोघरी नळ देण्याचे काम मोठे झाले. नळातून आलेले पाणी मोरीतून पुढे कुठे जाणार, इकडे तेवढे लक्ष कोणी दिले नाही.

काही सभासद म्हणतील, फुकट खत मिळते, वजन वाढते, बिघडले कुठे? बिघडते ते असे. आपला ऊस वजनावर घेतला जातो, म्हणून ज्याच्या रानात हे पाणी शिरते त्याला टनेज दिसते. पण पक्वतेच्या वेळी नत्र मिळत राहिला की साखर भरत नाही, ऊस लोळतो, उंदीर लागतो, आणि घटलेला उतारा साऱ्या सभासदांच्या हिशेबात पडतो. एफ.आर.पी. कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावरच ठरते. शिवाय या पाण्यात साबण आणि सोडा असतो. नदीकाठची आपली काळी राने अतिपाण्याने आधीच चोपण झाली आहेत, त्यात ही भर. आणि तोडणीच्या वेळी त्या सरीत अनवाणी उतरणारी माणसे, तीही कोणाची तरी लेकरे आहेत.

नियम काय सांगतो ते आम्ही नगररचना खात्यातील एका जाणकाराकडून समजावून घेतले. मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता राज्याला २०२० च्या डिसेंबरपासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तीत टाकीचे माप दिलेले आहे: आतली रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान एक मीटर, लांबी रुंदीच्या दुप्पट तरी. पाच माणसांच्या घराला पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि सव्वातीन फूट पाण्याची टाकी पुरते. मात्र एवढ्या टाकीत न्हाणीचे व धुण्याचे पाणी सोडू नये. मैला बसायला उसंत मिळत नाही. टाकीला तळ पाहिजे. आमच्याकडचे गवंडी तळ न करताच चार भिंती बांधतात आणि "साहेब, भरतच न्हाई" म्हणून कौतुक सांगतात. भरत नाही, कारण ती गळते.

टाकीतून निघणारे पाणी स्वच्छ नसते, ते फक्त पातळ झालेले असते. म्हणून नियम स्पष्ट आहे: हे पाणी प्रक्रियेवाचून उघड्या गटारात वा ओढ्यात सोडायचे नाही. ते जमिनीत जिरवायचे, आणि जिरवण्याची जागा पिण्याच्या विहिरीपासून १२ मीटरच्या, म्हणजे चाळीस फुटांच्या आत नको. आमच्या सभासदाच्या प्रकरणात प्लॉटवाले हेच पुढे करत होते: "आमची टाकी विहिरीपासनं सत्तर फुटांवर हाय." टाकी होती सत्तर फुटांवर, पाणी गेले होते दहा फुटांवर. आमचे स्वतःचे मत विचाराल तर फाटलेल्या काळ्या खडकात चाळीस फूटही कमीच.

एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटला मोकळ्या जागेखेरीज सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्यासाठी वेगळी जागा ठेवावी लागते. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. आता आपल्या भागात प्लॉट पडतात ते दोन एकर दहा गुंठ्यांचे, सव्वादोन एकरांचे. हा योगायोग असेल असे आम्हाला वाटत नाही. आणि गुंठेवारीत तर ले-आउटच नसतो. २००१ च्या कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने जुने गुंठे नियमात आणण्याची वाट झाली, पण कागद नियमात आला म्हणून पाणी नियमात येत नाही.

थोरल्या बंधूंचे म्हणणे असे पडले की पाणी उताराला जाणारच, खालच्याने ते घेतलेच पाहिजे. पावसाच्या पाण्यापुरते ते बरोबर आहे. नैसर्गिक उताराने येणारे वरचे पाणी खालच्याने वाहू द्यावे, असे सुविधाधिकाराचा १८८२ चा कायदाही मानतो. मोरीचे पाणी पावसाचे नव्हे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे २४ वे कलम घाण पाणी ओढ्यात किंवा विहिरीत जाऊ देण्यास बंदी करते. हे कलम वाचून दाखवल्यावर बैठकीत एकाने आम्हाला विचारले, "मग साखर कारखान्यांच्या पाण्याचं काय?" प्रश्न रास्त होता. तेच कलम कारखान्यांनाही आहे, असे आम्ही सांगितले.

दोन बैठका झाल्या. पहिलीत दोघे भाऊ एकमेकांकडे पाहतही नव्हते. दुसऱ्या बैठकीस प्लॉटमधल्या बायका आल्या आणि काम पुढे सरकले, कारण उन्हाळ्यात नळ आटला की त्याही याच विहिरीवर येतात. शोषखड्डे घ्यायचे ठरले. खड्डा रुंदीला किमान तीन फूट आणि पाइपाच्या खाली किमान साडेतीन फूट खोल हवा. त्याआधी माती पाहावी: वीतभर रुंदीचा खड्डा जिरवायच्या खोलीपर्यंत काढायचा, तळाला दोन इंच खडी टाकायची, पाणी भरून रात्रभर मुरवायचे, आणि दुसऱ्या दिवशी एक इंच पाणी उतरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजायचे. अर्ध्या तासाच्या आत उतरले तर शोषखड्डा चालतो. तासाच्या वर गेले तर नाही. वरच्या मुरमाड अंगाला अकरा घरांचे खड्डे झाले. खालच्या काळ्या अंगाला पाणी दीड तासातही हलले नाही. त्या पंधरा घरांसाठी प्लॉटमधल्या मोकळ्या जागेत खडीची गाळण आणि कर्दळीचा वाफा करायचा आराखडा पंचायतीकडे गेला आहे. खर्च कोणी किती उचलायचा, यावर अजून घासाघीस चालू आहे.

एक गोष्ट राहिली. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. तो टँकर रात्री उसात सोडून घेणारे काही सभासद आम्हाला ठाऊक आहेत. त्यांनी ते थांबवावे. आणि टाकीत माणूस उतरवू नका. आतल्या वायूने क्षणात माणूस जातो, आणि संरक्षक साधनांवाचून माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

त्या सभासदाचा ऊस तुटून गेला, वजन भरपूर पडले. गटार सध्या विहिरीपासून वळवून घेतले आहे. विहिरीत टीसीएल टाकून दोनदा उपसा झाला. संक्रांतीनंतर पुन्हा बाटली भरली, ती काळी पडली, पण तिसऱ्या दिवशी. पिण्याचे पाणी ते लोक तूर्त नळावरूनच आणतात. रान विकायचा विचार असलेल्या सभासदांनी सौद्याआधी ले-आउटचा नकाशा घेऊन गट ऑफिसवर यावे. पाणी कुठे निघणार ते आपण दोघे मिळून उतारावर उभे राहून पाहू.