नकोशा फोनचा ससेमिरा : संमती कोणाची, शिक्षा कोणाला?

‘सर, आपल्याला पर्सनल लोनची आवश्यकता आहे का?’ हा प्रश्न दिवसातून किमान एकदा कानावर पडला नाही, असा मोबाइलधारक शहरात शोधूनही सापडणार नाही. कर्ज, क्रेडिट कार्ड, विमा, पनवेलपलीकडचा प्लॉट, शेअर बाजाराच्या ‘खात्रीच्या’ टिप्स. विषय बदलतात, वेळ मात्र नेमकी अडचणीचीच असते. या फोनविषयी सर्वसामान्यांचे मतही आता पक्के झाले आहे. ‘डीएनडी’ करून काही उपयोग होत नाही, तक्रार करून तर त्याहून नाही. तेव्हा अनोळखी नंबर दिसला की उचलायचाच नाही, हा सोपा उपाय. वरवर निरुपद्रवी वाटणारा हा उपाय बराच महाग पडू लागला आहे. अनोळखी नंबरवरून फोन रुग्णालयातून येऊ शकतो, शाळेच्या बसचालकाचा असू शकतो, खात्यातून संशयास्पद रक्कम जात असल्याचे सांगणाऱ्या बँकेचाही असू शकतो. दारात उभा असलेला कुरिअरवाला तीनदा फोन करून निघून जातो, हा तर नित्याचा अनुभव.

डीएनडीविषयीचे हे मत अर्धे खरे आहे. ते अर्धेच का खरे, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

एके काळी मोबाइलवर येणाऱ्या फोनचेही पैसे ग्राहकाला मोजावे लागत. २००३ मध्ये ‘इनकमिंग’ मोफत झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत ‘आउटगोइंग’चे दर घसरत गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आली आणि देशांतर्गत फोन करण्याचा खर्च मासिक पॅकमध्येच विरघळून गेला. शंभर जणांना फोन केला काय आणि हजार जणांना केला काय, विक्रेत्याचा खर्च जवळपास तेवढाच. हजारांत एक गिऱ्हाईक गळाला लागले तरी दिवसाची मेहनत वसूल. या साध्या हिशेबापुढे नऊशे नव्याण्णव लोकांचा मनस्ताप कोणाच्याच खतावणीत मांडला जात नाही. हा उपद्रव बेशिस्तीतून जन्मलेला नाही, तो स्वस्ताईतून जन्मलेला आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे नियम का फसत गेले याचा उलगडा होतो.

नियमांवर नियम

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, २००७ मध्ये पहिली ‘नॅशनल डू नॉट कॉल’ नोंदवही सुरू केली. ज्याला फोन नको त्याने आपला नंबर नोंदवावा आणि टेलिमार्केटिंग कंपन्यांनी तो वगळून फोन करावेत, इतकी ती सरळ योजना होती. ती पुरेशी नाही हे लवकरच दिसून आले. डिसेंबर २०१० मध्ये नवे नियम आले, ते २७ सप्टेंबर २०११ पासून पूर्णपणे लागू झाले. ग्राहकाला सरसकट सगळे बंद करण्याबरोबरच बँकिंग, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य अशा विषयांनुसार निवड करण्याची मुभा मिळाली. नोंदणीकृत टेलिमार्केटरांसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवण्यात आले. त्याच वेळी एका सिमकार्डावरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घालण्यात आली. ती थोड्याच दिवसांत २०० वर गेली आणि जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वैयक्तिक संदेशांपुरती ती रद्दही केली. पुढे मर्यादेऐवजी दर आला : दिवसाच्या पहिल्या १०० संदेशांनंतर प्रत्येक संदेशाला किमान ५० पैसे. खर्चाच्या मुळावर घाव घालणारा म्हणता येईल असा हा जवळपास एकमेव उपाय होता. २०२० मध्ये तोही मागे घेण्यात आला. नवे तंत्रज्ञान आले असल्याने आता त्याची गरज उरली नाही, असा त्यामागचा विचार होता.

हे नवे तंत्रज्ञान म्हणजे २०१८ च्या नियमांनी आणलेली ‘ब्लॉकचेन’ पद्धतीची सामाईक नोंदवही. संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक कंपनीने स्वतःची, आपल्या संक्षिप्त नावाची आणि संदेशाच्या मजकुराच्या साच्याचीही नोंद करायची. जुळणी झाली नाही तर संदेश वाटेतच अडवायचा. ही चाळणी ८ मार्च २०२१ रोजी प्रत्यक्षात सुरू झाली तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले आणि ट्रायला दुसऱ्याच दिवशी तिला सात दिवसांची स्थगिती द्यावी लागली. कालांतराने घडी बसली. एसएमएसच्या शेवटी असणारे इंग्रजी अक्षर पाहिले की आज संदेशाचा प्रकार कळतो : ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. एसएमएसच्या बाबतीत ही व्यवस्था बऱ्यापैकी काम करते, हे मान्य केलेच पाहिजे. संदेशाचा मजकूर संगणकाला आधी तपासता येतो. फोनवर माणूस काय बोलणार, हे मात्र तो बोलेपर्यंत कोणालाच कळत नाही. त्यामुळे उपद्रव एसएमएसमधून निघाला आणि फोनमध्ये शिरला. तेथून त्याचा काही भाग व्हॉट्सअॅपवर गेला असून, इंटरनेटवरून चालणारी ही सेवा ट्रायच्या या नियमांच्या कक्षेबाहेर आहे.

संमतीची पळवाट

‘मी पूर्ण डीएनडी केले आहे, तरी फोन येतात’ या तक्रारीचे एक उत्तर खुद्द नियमांतच आहे. ग्राहकाने एखाद्या कंपनीला स्पष्ट संमती दिली असेल, तर त्या कंपनीपुरती डीएनडीची नोंद दुय्यम ठरते. आता आपण ही संमती कधी दिली, हे आठवण्याचा प्रयत्न करून पाहावा. कर्जाचा हप्ता मोजून दाखवणारे संकेतस्थळ, विम्याचे दर ताडून पाहण्याची सोय, फुकट सिबिल स्कोअर, मॉलमध्ये मोटारगाडी जिंकून देणारे कूपन. प्रत्येक ठिकाणी तळाशी बारीक अक्षरांत एक चौकट होती आणि बहुधा तिच्यावर आधीच बरोबरची खूण केलेली होती. ‘आम्ही व आमचे व्यावसायिक सहयोगी आपल्याशी संपर्क साधू’ या वाक्यातील सहयोगी किती आणि कोण, हे वाचणाऱ्याला कळण्याचा काहीच मार्ग नसतो.

ग्राहकाकडे यात मुळीच दोष नाही, असे म्हणता येणार नाही. फुकटच्या कूपनाचा मोह सगळ्यांनाच होतो. परंतु दुकानात दोनशे रुपयांची खरेदी करून बिल मागणाऱ्याला ‘आधी मोबाइल नंबर सांगा, त्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही’ असे ऐकवले जाते तेव्हा संमती या शब्दाला काही अर्थ उरत नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सूचना केली होती, की बिल देण्यासाठी नंबरचा आग्रह धरू नये. ही सूचना कॅश काउंटरवरच्या मुला-मुलींपर्यंत कितपत पोहोचली आहे, याचा अनुभव वाचकांना असेलच.

ट्रायने जून २०२३ मध्ये कंपन्यांना संमती डिजिटल पद्धतीने नोंदवण्याचे आदेश दिले. कोणाला कोणती संमती दिली आहे हे ग्राहकाला एका ठिकाणी पाहता यावे आणि नको ती काढूनही घेता यावी, हा त्यामागचा हेतू. कल्पना उत्तम, अंमलबजावणी संथ. रिझर्व्ह बँकेसह काही बँकांना घेऊन तिचा प्रायोगिक प्रकल्प सुरू व्हायला जून २०२५ उजाडले. कागदावर किंवा जुन्या अर्जांतून घेतलेल्या संमतीची खातरजमा करण्याची काहीही सोय आजवर नव्हती, हे या प्रकल्पाच्या निमित्ताने अधिकृतपणे मान्य झाले.

नंबर बंद, धंदा चालू

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. त्रास देणारे बहुतेक फोन नोंदणीकृत टेलिमार्केटरांकडून येतच नाहीत. ते साध्या दहा आकडी मोबाइलवरून किंवा कार्यालयीन लँडलाइनच्या नंबरांवरून येतात. मोठी बँक वा बिल्डर स्वतः फोन करत नाही, एजंट नेमतो. एजंट उपएजंट नेमतो. उपएजंटाच्या दोन खोल्यांच्या कचेरीत विशीतली मुले-मुली कमिशनवर बसलेली असतात. फोनवर त्या मुलीवर खेकसून कोणाचेच भले होत नाही. तिच्या हातात नावांची यादी असते आणि डोक्यावर टार्गेट. तक्रार झाली तर सिमकार्ड बंद होते, दुसऱ्या दिवशी दुसरे येते. मूळ कंपनीला विचारावे, तर ‘तो आमचा कर्मचारी नव्हे’ हे ठरलेले उत्तर.

ट्रायने १३ ऑगस्ट २०२४ रोजी या मोकाट टेलिमार्केटरांचे सर्व दूरसंचार नंबर तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचे आदेश दिले. काही आठवड्यांतच ५० हून अधिक संस्था काळ्या यादीत गेल्या आणि पावणेतीन लाखांवर नंबर तोडले गेले. आकडा मोठा आहे, कारवाईही खरी आहे. तरीही शिक्षा झाली ती नंबरांना. ज्याचे कर्ज विकले जात होते, ज्याचा फ्लॅट खपत होता, त्याच्यापर्यंत ती पोहोचली नाही. ग्राहक व्यवहार खात्याने जून २०२४ मध्ये मांडलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या मसुद्यात नेमका हाच धागा पकडला होता : फोन करणाऱ्याबरोबरच, त्या फोनचा ज्याला लाभ होतो तोही जबाबदार. क्रेडिट कार्डांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांचाही रोख असाच आहे. बँकेने नेमलेल्या टेलिमार्केटरांनी ट्रायचे नियम पाळावेत याची काळजी बँकेनेच घ्यायची असून, तिच्या प्रतिनिधींना सकाळी १० ते सायंकाळी ७ या वेळेतच संपर्क साधता येतो. रात्री साडेआठला आलेला कार्डाचा फोन हा म्हणूनच थेट बँकेकडे लेखी तक्रार करण्याचा विषय आहे.

बँकांच्या अधिकृत फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत. व्यापारी बँकांना ते वापरण्यासाठी १ जानेवारी २०२६ ही मुदत होती. १६०० म्हणजे सेवेचा वा व्यवहाराचा फोन आणि १४० म्हणजे जाहिरात, एवढे लक्षात राहिले तरी अनोळखी नंबर न उचलण्याचे धोरण थोडे सैल करता येईल. घरातील वडीलधाऱ्यांना हे सांगून ठेवणे विशेष आवश्यक. ‘बँकेतून बोलतोय’ असे सांगून लुबाडणाऱ्यांचे काम जाहिरातींच्या या कोलाहलाने फार सोपे करून ठेवले आहे.

तक्रारीचे गणित

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियमांत दुरुस्ती केली आणि तीत ग्राहकाच्या फायद्याचे बरेच काही आहे. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. आधी डीएनडीची नोंद केलेली असलीच पाहिजे, ही अटही गेली. अनोंदणीकृत व्यक्तीविरुद्ध कारवाई करण्यासाठी कंपन्यांना असलेली ३० दिवसांची मुदत पाचवर आली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पूर्वी एका नंबरविरुद्ध सात दिवसांत १० तक्रारी आल्यावर हालचाल होत असे. आता १० दिवसांत ५ पुरेशा आहेत. ‘माझ्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा पाहावा. ज्या नंबराने दिवसभरात शेकडो जणांना पिडले, त्याच्याविरुद्ध फक्त पाच जणांनी बोट हलवायचे आहे. पहिल्या उल्लंघनाला त्याची आउटगोइंग सेवा १५ दिवस बंद होते आणि पुन्हा तसेच केले तर त्याच्या नावावरची सर्व जोडणी वर्षभरासाठी तुटते. उपद्रवाचा आकडा चुकीचा कळवणाऱ्या मोबाइल कंपन्यांनाही दोन, पाच आणि पुढे दहा लाख रुपये अशा चढत्या दंडाची तरतूद आहे.

तक्रार १९०९ वर फोन वा एसएमएस करून, ट्रायच्या डीएनडी अॅपवरून किंवा आपल्या मोबाइल कंपनीच्या अॅपवरून करता येते. फोन आलेला नंबर, तारीख आणि विषय एका ओळीत, एवढेच लागते. सर्व जाहिराती बंद करायच्या असतील तर इंग्रजीत ‘स्टार्ट’ आणि पुढे शून्य लिहून त्याच नंबरवर पाठवावे. फोन फसवणुकीचा वाटला तर तो १९०९ चा विषय नाही. त्यासाठी ‘संचार साथी’वर मार्च २०२४ पासून ‘चक्षू’ ही सोय आहे. पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० लावावा.

नेत्यांचे फोन

या सर्व नियमांतून सुटलेला एक मोठा वर्ग आहे, तो राजकीय पक्षांचा. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित आवाज घरोघरीच्या फोनवर ऐकू आला, तेव्हा त्याचे अप्रूप होते. आता नगरसेवकपदाचा इच्छुकही वाढदिवसाच्या शुभेच्छा आपल्याच आवाजात देतो. ट्रायचे नियम व्यापारी संदेशांपुरते आहेत आणि मत मागणे हा व्यापार नव्हे, अशी त्यामागची भूमिका. निवडणूक आयोगाने घाऊक एसएमएस आणि ध्वनिमुद्रित संदेशांना पूर्वप्रमाणनाची अट घातली आहे. पण ती मजकुराची तपासणी झाली. आपला नंबर, वॉर्ड आणि कधीकधी नावदेखील उमेदवाराकडे कोठून आले, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही.

तो प्रश्न विचारण्याचा अधिकार डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आहे. हा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. म्हणजे मे २०२७. तोपर्यंत दुकानातील काउंटरवर ‘नंबर देणार नाही, बिल द्या’ एवढे सांगण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.