बोशां, बीचम, फेअरफील्ड : एका आडनावाची तीन रूपे

विशेषनामाचे भाषांतर करू नये, लिप्यंतर करावे, असा अनुवादव्यवहारातील सर्वसाधारण संकेत आहे. तो कोठे अपुरा पडतो हे पाहण्यास इंग्रजीत स्थिरावलेले एक फ्रेंच आडनाव उपयोगी पडते. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचा उच्चार 'बोशां' असा होतो, इंग्रजीत 'बीचम'. रोमन वर्णांवरून थेट मराठीत आणल्यास मात्र 'ब्यूचॅम्प' असे, दोन्ही भाषांना अपरिचित असे तिसरेच रूप सिद्ध होते.

'बो' म्हणजे सुंदर आणि 'शां' म्हणजे शेत किंवा खुले मैदान. मूळचे हे ग्रामनाम. नॉर्मंडीत या नावाची गावे आहेत, आणि १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर ते इंग्लंडमध्ये आले. आरंभी त्यामागे 'द' हा संबंधदर्शक शब्द लागत असे; त्याचे कार्य मराठी आडनावांतील '-कर' प्रत्ययासारखेच. लॅटिन दस्तऐवजांत हे घराणे 'दे बेल्लो काम्पो' होते. यातील 'बेल्लो' हे सौंदर्यवाचक विशेषणाचे रूप असले, तरी युद्धवाचक नामाचेही एक रूप तसेच असते. वॉरिकचे अर्ल असलेल्या या लढवय्या घराण्याला हा योगायोग शोभणारा होता. त्यांतील रिचर्ड बीचम फ्रेंचांविरुद्ध लढला आणि १४३९ मध्ये रूआं येथे मरण पावला. नाव फ्रेंच, बाजू इंग्रज.

'बीचम' हा उच्चार इंग्रजांनी केलेला अपभ्रंश होय, असे समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. नॉर्मन लोक इंग्लंडात आले तेव्हा या नावातील व्यंजनाचा फ्रेंच उच्चार 'च' असाच होता. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये त्याचा 'श' झाला. इंग्रजीने जुना ध्वनी जपला. एकाच फ्रेंच शब्दापासून आलेले 'चीफ' आणि 'शेफ' याची साक्ष देतात : पहिला मध्ययुगात उसना घेतलेला, दुसरा एकोणिसाव्या शतकात. स्वरांबाबत मात्र इंग्रजीचा काही नेम नाही. 'सुंदर' या अर्थाचे तेच पूर्वपद 'बोफर्ट'मध्ये 'बो', 'ब्यूली' या ग्रामनामात 'ब्यू' आणि येथे 'बी' होते. आघात पहिल्या अवयवावर असल्याने 'शेत' आक्रसून नुसता 'चम' उरला. पुढे 'बीचम' असे उच्चारानुसारी लेखनही रूढ झाले. त्या लेखनात 'सुंदर शेत' ओळखणे अशक्यच.

हा हरवलेला अर्थ कॅथरीन मॅन्सफील्ड (१८८८-१९२३) हिने परत आणला. वेलिंग्टन येथे जन्मलेल्या या कथालेखिकेचे मूळ नाव कॅथलीन मॅन्सफील्ड बीचम. लेखनासाठी तिने वडिलांचे आडनाव टाकले आणि आईच्या आईचे माहेरचे आडनाव घेतले. १९१८ मध्ये होगार्थ प्रेसने प्रसिद्ध केलेल्या 'प्रेल्यूड' या दीर्घकथेत हीच आजी मिसेस फेअरफील्ड म्हणून येते. 'फेअर' म्हणजे सुंदर, 'फील्ड' म्हणजे शेत. टाकलेले पितृकुलाचे नाव अशा रीतीने भाषांतरित होऊन मातृकुलाला मिळाले आहे. उलट, कथेतील वडिलांचे आडनाव बर्नेल. ते लेखिकेच्या आईचे मधले नाव होते. 'फेअरफील्ड' आणि 'मॅन्सफील्ड' यांचे उत्तरपदही एकच. ही नावांची अदलाबदल कुलवारशाविषयीचे लेखिकेचे भाष्यच आहे, आणि 'प्रेल्यूड'मधील घराचा खरा आधार आजी आहे हे ध्यानात घेता ते सहज केलेले वाटत नाही.

मराठी अनुवादकापुढील अडचण येथे सुरू होते. प्रस्तावनेत 'ब्यूचॅम्प' आणि कथेत 'फेअरफील्ड' असे छापले, तर वाचकाला दोहोंत काहीच नाते दिसणार नाही. 'बीचम' लिहूनही ते दिसणार नाही. कथेत 'सुंदरशेते' असे करणे हास्यास्पद ठरेल. रवींद्रनाथांचे 'ठाकुर' हे आडनाव इंग्रजी वर्णलेखनाच्या वाटेने 'टागोर' होऊन मराठीत रुळले, तेव्हा मूळ शब्द भारतीय भाषांना परिचित असल्याने अर्थाचा धागा सापडू शकतो. येथे तशी सोय नाही. म्हणून संहितेत 'फेअरफील्ड' कायम ठेवावे, लेखिकेचे जन्मनाव 'बीचम' असे उच्चारानुसार द्यावे, आणि त्याच्या पहिल्या उल्लेखापाशी 'बोशां' हे फ्रेंच रूप व त्याचा अर्थ यांची एका ओळीची टीप जोडावी.