यादीला यादी भिडते तेव्हा
२०२४ मध्ये महाराष्ट्रात महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणाऱ्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरताना अटी पाळल्याचं हमीपत्र घेतलं होतं. ते खरं की खोटं, हे अर्जदारांची यादी एकटी सांगत नाही. तीच परिवहन खात्याच्या नोंदींशी ताडली की कुटुंबाला अपात्र ठरवणारी दारातली मोटार सापडते. निराधार योजनेच्या यादीशी ताडली की दुहेरी लाभ. अशा पडताळणीनंतर जून २०२५ पासून राज्यात २६.३४ लाख लाभार्थ्यांचे हप्ते स्थगित झाले.

पण मोटारीच्या या नियमातून ट्रॅक्टर वगळला आहे. भंडाऱ्यासारख्या धानपट्ट्यात वाहनाचा प्रकार चुकीचा नोंदला, किंवा वेगळं राहणाऱ्या दिराची मोटार माथी मारली, तर पात्र बाईचेच दीड हजार अडतील. म्हणून मोटारींच्या खातरजमेला अंगणवाडी सेविका घरोघरी धाडल्या. संशय संगणकाचा; वाईटपणा मात्र त्यांच्या वाट्याला!