शिफ्ट लाइट 5500 ला लावू नका

माझ्या भाच्याने अमेरिकेत 1990 सालची माझदा मियाटा घेतली. 1.6 लिटरचं इंजिन, पाच गिअर, ताकद मागच्या चाकांना. गाडी ट्रॅकवर न्यायची म्हणून त्याने शिफ्ट लाइट, म्हणजे गिअर बदलायची वेळ सांगणारा दिवा, आणली आणि बसवता बसवता मला फोन केला.

"मामा, लाइट 5500 आरपीएमला सेट करतोय."

"5500 च का रे?"

"टॉर्क तिथेच सगळ्यात जास्त आहे ना! त्याच्यापुढे इंजिन नुसतं ओरडतं."

हे वाक्य मी गॅरेजमध्ये ऐकलंय, ट्रॅकवर ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या इंजिनिअरांकडूनही ऐकलंय. ते चूक आहे. आणि शिफ्ट लाइट लावल्यावर ती चूक पक्की होते. आधी माणूस इंजिनाच्या आवाजावरून कधी 6000 ला, कधी 6500 ला गिअर बदलायचा. आता दिवा पेटला की तो इमानेइतबारे 5500 ला बदलणार आणि दर वेळी वेळ गमावणार.

यातला अर्धा भाग खरा आहे. एकाच गिअरमध्ये राहिलात तर टॉर्क सर्वाधिक असतो तिथेच गाडी सर्वांत जोरात खेचते. पण गिअर बदलताना प्रश्न वेगळा असतो. या गिअरचा जोर उतरायला लागला का, हे बघायचं नसतं; वरच्या गिअरमध्ये याहून जास्त जोर मिळणार आहे का, हे बघायचं असतं. चाकापर्यंत पोचतो तो इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअरचं गुणोत्तर. हा गुणाकार कोणी करतच नाही.

आपण करू. या मियाटाचा कमाल टॉर्क सुमारे 136 न्यूटन-मीटर, 5500 आरपीएमला. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर 1.888, तिसऱ्याचं 1.330. दुसऱ्या गिअरमध्ये 5500 ला 136 गुणिले 1.888, म्हणजे साधारण 257. तिथे तिसरा टाकला की आरपीएम 3900 च्या आसपास उतरतात. तिथे इंजिन पूर्ण 136 देतं असं उदारपणे मानलं, तरी गुणाकार येतो 181. म्हणजे 5500 ला गिअर बदलणारा हातातला जवळजवळ 30 टक्के जोर त्या क्षणी सोडून देतो.

मग बदलायचा कधी? दुसऱ्या गिअरमधला गुणाकार 181 च्या खाली घसरेल तेव्हा. त्यासाठी इंजिनाचा टॉर्क 96 च्या खाली जायला हवा. कमाल शक्ती 116 अश्वशक्ती, 6500 आरपीएमला. त्यावरून हिशेब केला तर 6500 लाही टॉर्क 127 आहे. 7000 ला तो 96 वर यायचा तर शक्ती 116 वरून 94 अश्वशक्तीवर कोसळावी लागेल. मूळ स्थितीतलं हे इंजिन 500 आरपीएममध्ये इतकं ढेपाळत नाही. म्हणून या गाडीला ट्रॅकवर मर्यादेपर्यंत, म्हणजे 7000 पर्यंत, न्यायचं.

हा नियम मात्र सगळ्या गाड्यांना लावू नका. टर्बो डिझेलचा टॉर्क वरच्या आरपीएमला झपाट्याने पडतो, तिथे मर्यादेपर्यंत ताणण्यात अर्थ नसतो. इंजिनात कॅमशाफ्ट बदलला, टर्बो बसवला, तर हिशेब नव्याने करा. गाडीची टॉर्कची आलेख-रेषा आणि गुणोत्तरं मिळाली की शाळेतला गुणाकार पुरतो.

लाइट मात्र 7000 लाही लावायची नाही. समजा पहिल्या गिअरमध्ये आरपीएम सेकंदाला 2000 ने वाढताहेत आणि दिवा दिसल्यापासून पाय क्लचवर पडेपर्यंत पाव सेकंद गेला. तेवढ्यात 500 आरपीएम निघून गेले. म्हणजे पहिल्या गिअरसाठी दिवा 6500 ला पेटायला हवा. चौथ्या गिअरमध्ये आरपीएम सावकाश चढतात, तिथे हाच दिवा फार लवकर पेटेल. त्यामुळे गिअरनुसार वेगळा आकडा ठेवता येणारी किंवा ओळीने दिवे पेटत जाणारी लाइट घ्या. काटा बघून हे जमत नाही. लेक्सस एलएफए या गाडीचं इंजिन आयडलपासून 9000 आरपीएमला 0.6 सेकंदात पोचायचं. काट्याला तो वेग झेपेना म्हणून कंपनीने डिजिटल टॅकोमीटर दिला.

बसवताना आणखी एक गफलत होते. चार सिलिंडरच्या इंजिनाकडून लाइटला प्रत्येक फेरीला दोन ठोके अपेक्षित असतात. या मियाटात दोन कॉइल आहेत आणि प्रत्येक कॉइल फेरीला एकदाच ठिणगी टाकते. एकाच कॉइलवरून तार घेतली तर इंजिन 7000 ला असताना लाइटला 3500 दिसतात, आणि ती कधीच पेटत नाही. मग लोक लाइटला दोष देतात.

"शिफ्ट लाइट असली की इंजिन सुरक्षित." नाही. घाईत तिसऱ्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला तर 7000 चे थेट 9900 होतात. आरपीएम मर्यादेत ठेवणारा लिमिटर फक्त इंधन किंवा ठिणगी तोडतो. इथे चाकंच इंजिनाला फिरवतात. कनेक्टिंग रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे दुप्पट.

"आमच्या गाडीत वर जाणारा बाण दिसतो, तीच शिफ्ट लाइट." तो बाण इंधन वाचवण्यासाठी आहे. युरोपीय संघाने 2009 च्या नियमाने तो सक्तीचा केला तोही त्याचसाठी.

शिफ्ट लाइटने इंजिन वाचत नाही, पण जादा गेज नुसते शोभेचे, हे मात्र मी कोणालाही बोलू देत नाही. "कंपनीचा काटा मधे आहे म्हणजे सगळं ठीक," असं म्हणणाऱ्यांनी मियाटाचाच इतिहास बघावा. 1995 मध्ये मियाटाचा ऑइल प्रेशरचा काटा प्रत्यक्ष दाब दाखवेनासा झाला. त्यामागे साधा स्विच बसवला: दाब अगदी तळाला जाईपर्यंत काटा मधे उभा, मग एकदम शून्य. लांब वळणात तेल एका बाजूला सरकून पंप क्षणभर हवा ओढतो, ते हा काटा सांगू शकत नाही. तापमानाचे काटेही अनेक गाड्यांत मुद्दाम मधे स्थिर ठेवलेले असतात. आणि कूलंट गळून गेलं, सेन्सर कोरडा पडला, तर खरा गेजसुद्धा कमी तापमान दाखवतो. म्हणून गेज लावला तरी कूलंटची पातळी बघायची.

गेजऐवजी ओबीडीवरचं, म्हणजे गाडीच्या संगणकातून आकडे वाचणारं, ॲप? अमेरिकेत ओबीडी-2 सक्तीचं झालं 1996 पासून. 1990 च्या मियाटात ते नाहीच. नव्या गाड्यांतही बऱ्याचदा ऑइल प्रेशर त्यावर मिळत नाही.

मेकॅनिकल गेजची गरम, दाबाखालच्या तेलाची नळी मात्र केबिनमध्ये आणू नका. नळी फुटली तर ते तेल पायांवर येतं. दाब तारेने कळवणारा इलेक्ट्रिक सेंडर वापरा, आणि गेज असे फिरवून बसवा की सगळं ठीक असताना सगळे काटे सरळ वर असतील. एक जरी कलला तरी नजरेला खटकतो.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी खरा ऑइल प्रेशर गेज घ्या, दाब पडला की पेटणाऱ्या दिव्यासकट. शिफ्ट लाइट पुढच्या महिन्यात आली तरी चालेल.