सुलतानाच्या हुकमाने वसलेलं बंदर

मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसाविराला उन्हाळाभर वारा झोडपत असतो. तरीही माणसं अडीच हजार वर्षांपासून इथे नांगर टाकत आली, ती समोरच्या बेटामुळे. समुद्राचा मारा ते अंगावर घेतं आणि मागे जहाजांना जागा उरते. फिनिशियन व्यापारी आधी या बेटावरच उतरले.

पुढे रोमच्या आश्रयाखालचा राजा दुसरा जुबा याने या भागात जांभळ्या रंगाचा उद्योग चालवला. काटेरी शंखांतल्या जिवांची एक ग्रंथी काढायची, ती मिठात मुरवायची आणि मग मंद आचेवर ठेवायची. १९०९ साली एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा रंग काढून पाहिला, तेव्हा १२,००० शंखांतून दीड ग्रॅमही निघाला नाही. असा रंग राजेच वापरणार, आणि तोही जपून. जुबाचा मुलगा टॉलेमी जांभळा झगा घालून रोममध्ये खेळ पाहायला आला. लोकांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या म्हणून सम्राट कॅलिगुलाने त्याचा जीव घेतला, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो.

१५०६ मध्ये पोर्तुगिजांनी इथे किल्ला बांधला, पण आसपासच्या टोळ्यांनी त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. १५१० मध्ये तो त्यांच्या हातून गेला. त्याच वर्षी त्यांच्याच अल्बुकर्कने गोवा घेतला. तिथे साडेचारशे वर्षं, इथे जेमतेम चार!

आजचं शहर मात्र १७६० च्या दशकातलं, सुलतान तिसरा मोहम्मद बिन अब्दल्ला याने वसवलेलं. त्यामागचा हिशेब रोकडा होता. दक्षिणेतलं अगादीर बंदर सूस प्रांतातल्या बंडखोरांना पैसा पुरवत होतं. सुलतानाने ते परदेशी व्यापाराला बंद केलं आणि जकात आपल्या हाताखाली आणली. थिओडोर कॉर्न्यू या फ्रेंच अभियंत्याने आराखडा आखला. म्हणूनच इथले मुख्य रस्ते सरळ आहेत; फेस शहराच्या बोळांत हरवलेल्या माणसाला इथे हायसं वाटावं.

मला सर्वांत रोचक वाटते ती व्यापाऱ्यांची व्यवस्था. सुलतानाने निवडक व्यापारी घराणी इथे आणली, त्यांत बहुतेक ज्यू. त्यांना ‘तुज्जार अस्-सुलतान’ म्हणत. राजवाडा त्यांना भांडवल आणि घरं देई. बदल्यात माल हलता ठेवायचा आणि कर्ज फेडत राहायचं. सावकार, जमीनदार आणि जकातदार एकच, म्हणजे व्यापाऱ्याची शेंडी कायम राजाच्या हाती. सहाराच्या तांड्यांबरोबर शहामृगाची पिसं, डिंक, हस्तिदंत यायचं. युरोपातून कापड आणि चहा. त्याच तांड्यांबरोबर गुलामही यायचे, हे पर्यटनाच्या पत्रकांत फारसं येत नाही.

१८४४ च्या ऑगस्टमध्ये अल्जीरियात आपल्याशी लढणाऱ्या अब्दुल कादिरला मोरोक्कोने आसरा दिल्याचा राग फ्रेंचांनी इथे काढला. प्रिन्स द जॉइनव्हिलच्या आरमाराने तोफा डागल्या, बेट घेतलं. मग आसपासच्या टोळ्यांनी शहर लुटलं. व्यापार तरीही सावरला. त्याला खरा फटका नंतर बसला. १८९४ मध्ये फ्रेंचांनी तांड्यांच्या वाटेवरचं टिंबक्टू घेतलं आणि सहारापारचा माल सेनेगलच्या बंदरांकडे वळू लागला. १९१२ नंतर कासाब्लांकाच्या नव्या गोद्यांनी उरलासुरला व्यापार ओढून घेतला. मोठ्या आगबोटींना इथलं उथळ पाणी तसंही पुरेसं नव्हतं.

ज्यू घराणी हळूहळू पांगली. आता रब्बी हाईम पिंटो यांच्या समाधीच्या यात्रेला त्यांचे वंशज परदेशांतून येतात. गुलामांच्या वंशजांचं ग्नावा संगीत मात्र १९९८ पासून दरवर्षी मोठ्या महोत्सवात वाजतं. २००१ मध्ये जुनं शहर जागतिक वारसा ठरलं. बंदरात आता सार्डिनच्या होड्या लागतात आणि लिलाव मासळीचा होतो.