फर्नेसचा स्क्रू आणि वर्गमुळाचा हिशेब

मिनेसोटा किंवा ओंटारिओ यांसारख्या प्रदेशांत, जेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंश सहज उतरतो, तेथे वास्तव्य करणाऱ्या मराठी गृहस्थाला तळघरातील गॅसच्या फर्नेसकडे पाहताना आपल्या माजघरालगतची शेगडीच आठवत असावी. आणि म्हणूनच व्हॉल्व्हवरील लहानसा स्क्रू म्हणजे शेगडीचे बटण, तो पिळला की ऊब वाढते, हा समज त्याच्या मनात घर करून बसतो. वस्तुतः ज्योत गरजेनुसार लहानमोठी करण्याचा अखत्यार त्या स्क्रूकडे नाहीच. मॉड्युलेटिंग फर्नेसमध्ये थर्मोस्टॅटची मागणी पाहून नियंत्रक-फलक स्वतःच, बहुतेक बनावटींत पूर्ण क्षमतेच्या सुमारे 40 टक्क्यांपासून 100 टक्क्यांपर्यंत, ज्योतीचे प्रमाण ठरवीत असतो. स्क्रूने होणारी गॅसच्या दाबाची जुळवणी केवळ त्या पल्ल्याच्या सीमा निश्चित करते.

हा दाब किती सूक्ष्म असतो, याची कल्पना नसल्यामुळे ‘निळी ज्योत दिसली की दाब बरोबर’ असे बेलाशक सांगितले जाते. वाकवलेल्या नळीतील पाणी किती इंच वर चढते, यावर तो मोजतात. नैसर्गिक वायूसाठी पूर्ण ज्योतीला सर्वसाधारणपणे साडेतीन इंच. एक पौंड प्रति चौरस इंच म्हणजे जवळजवळ 27.7 इंच पाणी, तेव्हा हा दाब पौंडाच्या अष्टमांशाएवढा. डोळ्यांनी त्याचा अंदाज कोण बांधणार? तेथे तशा नळीचा दाबमापक, म्हणजे मॅनोमीटरच हवा.

परंतु ज्यात जाणतेही फसतात, तो गैरसमज प्रमाणाचा आहे. चाळीस टक्के उष्णता हवी तर साडेतीन इंचांच्या चाळीस टक्के, म्हणजे 1.4 इंच दाब ठेवावा, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब मांडला जातो. बारीक छिद्रातून वाहणाऱ्या वायूचे प्रमाण मात्र दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. सबब चाळीस टक्क्यांसाठी दाब सोळा टक्केच, म्हणजे 0.56 इंच लागतो, आणि 1.4 इंचांवर तीच फर्नेस सुमारे 63 टक्क्यांनी जळत राहते. शिवाय यंत्र मधल्याच टप्प्यावर असताना दोन इंच दाब दिसला, तर तो कमी नसून सुमारे तीन-चतुर्थांश क्षमतेचा दाखला असतो. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीने यंत्र आधी पूर्ण ज्योतीवर स्थिर करावे लागते, आणि त्याहीपूर्वी घरातील इतर गॅस-उपकरणे चालू ठेवून मुख्य नळीतून येणारा दाब पाहावा लागतो. तोच अपुरा असेल तर स्क्रूने काय साधणार?

दाब घटवला की गॅसची बचत होते, हाही असाच एक भ्रम. फार मंद ज्योतीने प्राथमिक उष्णता-विनिमयकात, जो ओलाव्यासाठी घडवलेलाच नसतो, आम्लयुक्त पाणी साचून गंज चढतो. उलट ज्योत अतिरिक्त वाढवली तर धातू तापून तडकतो आणि कार्बन मोनॉक्साइडचे भय उद्भवते.

ज्योत प्रमाणात आहे याची खातरजमा करायची तर इतर उपकरणे बंद करून, फर्नेस पूर्ण ज्योतीवर असताना मीटरचा काटा पाहावा: एक घनफूट गॅस 36 सेकंदांत गेला, तर तासाला 100 घनफूट, म्हणजे अदमासे एक लाख बीटीयू उष्णता. हा आकडा फर्नेसच्या दाराआडच्या पट्टीवरील क्षमतेच्या आकड्याशी जुळत नसेल, तर स्क्रूला हात न लावता परवानाधारक तंत्रज्ञाला बोलवावे.